पडघान सरांची रेघ

पडघान सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गुन्हेगार होतो. म्हणजे माझ्या स्कूटरचं पुढचं चाक गुन्हेगार होतं. मागचं चाक आणि त्यावरचा मी अजून कायद्यात होतो. त्या क्षणी जी शिट्टी वाजली तिचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, पण पुरावे आहेत. विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले कावळे एकदम उडाले आणि पुढे कित्येक दिवस ओळीत बसायला धजले नाहीत. दूधवाल्याचा हात हलला आणि हयातीत पहिल्यांदा त्याच्याकडून एका गिऱ्हाइकाला पूर्ण लिटर दूध गेलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती, ती लाजून झालीच नाही. त्या घरी दुपारी डाळ कच्ची होती असं मला नंतर सांगण्यात आलं. शेगावच्या स्टेशनावर उभी असलेली एखादी मालगाडी सुटलीही असेल. मी चौकशी केली नाही. मी स्कूटरसकट पुतळा झालो होतो.

मग पांढऱ्या धुरळ्यातून एक मूर्ती प्रकट झाली. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, आणि हातात तळाला भोकं पाडलेला तुपाचा डबा. त्या डब्यातून फक्की गळत होती. शाळेच्या मैदानावर कबड्डीची आखणी करतात ना, तीच पांढरी भुकटी. मूर्तीचं वय सत्तरीचं, पोट मात्र पंचविशीचं.

"आउट!" मूर्ती म्हणाली.

"अहो, पण कशातून?"

"काऊन बे, रेघ दिसत नाई? चाक कुठं हाये ते पाय. आउट म्हणजे आउट. उतर."

मी उतरलो. बँकेत हाताखालची चार माणसं मला साहेब म्हणतात. त्यांतलं कोणी त्या वेळी तिथून गेलं नाही, हे माझं भाग्य. मी मुकाट्यानं स्कूटर ढकलत रेघेमागे नेली.

"कोणत्या बॅचचा तू?"

"मी तुमचा विद्यार्थी नाही. बदली होऊन आलोय. मागच्याच आठवड्यात इथं राहायला आलो."

मूर्तीच्या चेहऱ्यावर करुणा दाटून आली. "म्हणजे तुले कोणी शिकवलंच नाई," ती म्हणाली. "जाऊ दे. आपण शिकवू."

हे सुधाकर पडघान. गावातल्या हायस्कुलात जन्मभर खेळाचे शिक्षक. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण मला तिथंच राहायचं आहे. चिखलीपासून फार लांब नाही एवढं पुरे. तालुक्याचं ठिकाण नसलेलं, पण आपण ते असायला हवं होतं अशी पक्की खात्री असलेलं गाव.

गाव वाढत होतं आणि वाढ सगळी आमच्या विद्यानगरच्या बाजूला होत होती. परवापर्यंत तिथं सोयाबीन होतं. आता प्लॉट होते. प्रत्येकाला प्लॉट विकताना दलालानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साहेब, समोर चाळीस फुटी रोड." आणि रोड चाळीस फुटीच होता. फक्त तो कोणाला दिसत नव्हता. कारण घर प्लॉटच्या आत, तर घराच्या पायऱ्या प्लॉटच्या बाहेर. पायऱ्यांच्या पुढे गाडी चढवायचा रॅम्प. रॅम्पच्या पुढे तुळस, जास्वंद आणि कोरफडीच्या कुंड्या. कुंड्यांच्या पुढे मोटरसायकल, कारण ती रॅम्पवर लावली तर रॅम्प खराब होतो. दोन्ही बाजूंनी एवढं झाल्यावर मधे जे उरायचं त्यातून एक म्हैस आरामात जायची. समोरून दुसरी म्हैस आली की मात्र दोघींना विचार करावा लागायचा.

सरांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. दर रविवारी सकाळी ते डबा घेऊन निघत आणि रस्त्यावर रेघा मारत. या दोन रेघांच्या मधे गाड्या. या रेघेच्या बाहेर चालणारी माणसं. इथं मोटरसायकली, तिरप्या. ज्या रेघेवर मी बाद झालो ती पायी चालणाऱ्यांची होती.

"सर, नगर परिषदेला अर्ज करा की," मी एकदा म्हणालो.

"अर्ज केला की कागद येते. माणसाले कागद दाखवला तं तो चष्मा शोधते. रेघ दाखवली तं आपले पाय पायते."

आणि ते खरं होतं, निदान आमच्या गावापुरतं. कारण अख्खं गाव सरांच्या हाताखाली कबड्डी खेळून मोठं झालेलं. रेघेला पाय लागला की बाद, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. सिमेंटचं दुकान चालवणारा कारभारी नावाचा आमचा शेजारी म्हणजे दारासारखा रुंद माणूस, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक लिंबू ठेवावं. तो एकदा फोनवर कोणाला तरी दम भरत, "घरात घुसून मारीन" वगैरे म्हणत रस्त्यानं चालला होता. पायाखाली फक्की आली आणि कारभारी टुणकन मागे उडाला. फोनवरच्या माणसाला म्हणाला, "थांब जरा, सर पाहून राह्यले."

मी सरांच्या घराच्या अगदी तिरपा समोर राहतो, त्यामुळे या समाजसेवेमागची खरी प्रेरणा मला लवकरच ऐकू आली. ती प्रेरणा म्हणजे अन्नपूर्णाबाई, सरांच्या पत्नी. निवृत्त होईपर्यंत हे जोडपं जुन्या गावात, एसटी स्टँडच्या पाठीमागे भाड्यानं राहत होतं. अन्नपूर्णाबाईंच्या दृष्टीनं ती जगातली सर्वोत्तम जागा होती. पदर खोचला की चिखली, पदर सोडला की बुलढाणा. बहिणीकडे जायचं, बाजाराला जायचं, कोणाच्या बारशाला जायचं, बस उभीच. सरांनी विद्यानगरात प्लॉट घेतला तेव्हा त्या यायला तयार नव्हत्या. तेव्हा सरांनी एक वाक्य उच्चारलं. नवऱ्यांनी अशी वाक्यं उच्चारू नयेत.

"तू चाल तं खरी. दारात एसटी आणून देतो तुले."

एसटी आली नाही. फाट्यावरून घरापर्यंत उन्हात पिशव्या घेऊन चालावं लागे, गुडघे कुरकुरत. ऑटोवाले या बाजूला यायला नाखूश, कारण परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही. मग अन्नपूर्णाबाईंनी घरासमोर, प्लॉटच्या बाहेर अर्थातच, शहाबादी फरशीचा एक लांबरुंद ओटा बांधून घेतला. "एसटी येईपर्यंत बसाले," असं त्यांनी गवंड्याला सांगितलं आणि ते सरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पुढे तो ओटा म्हणजे विद्यानगरची राजधानी झाला. संध्याकाळी बायका तिथं मेथी निवडायच्या, उन्हाळ्यात कुरडया वाळायच्या, आणि कोणाच्या सुनेचं चुकलं आणि कोणाच्या सासूचं, हे तिथंच ठरायचं. सर घरात काहीही म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे एवढं जरी म्हणाले, तरी ओट्यावरून उत्तर यायचं:

"एसटी आली का दारात?"

आयुष्यात ज्यानं भल्याभल्यांना बाद दिलं, तो माणूस रोज स्वतःच्या दारात बाद होत होता. डब्यात फक्की भरायला ते का उठायचे, हे आता मला कळलं.

मग योग जुळून आला. नगर परिषदेनं नव्या भागाच्या रस्त्यांचा आराखडा करायला घेतला. रेवती नावाची तरुण इंजिनीअर आली, डोक्यावर टोपी, पाठीवर लॅपटॉप. मारुतीच्या सभामंडपात सभा झाली. तिनं भिंतीवर नकाशा लावून रस्ता, गटार, पायवाट, झाडं असं सगळं फार छान समजावून सांगितलं. लोक एकेक करून नकाशापाशी गेले, आपापलं घर शोधलं, सापडल्यावर त्यावर बोट टेकवलं आणि समाधानानं जागेवर येऊन बसले. कारभारीनं विचारलं, "मॅडम, यात वरच्या बाजूले बुलढाणा हाये का आकाश?" सूचना मागवल्या तेव्हा एकही आली नाही.

सर उठले. "मॅडम, हे भिंतीवर आमाले दिसत नाई. जमिनीवर काढू."

त्या रविवारी विद्यानगरनं असं दृश्य पाहिलं की ज्याचं नाव ते. पुढे रेवती टेप घेऊन, मागे सर डबा घेऊन. दुपारपर्यंत अख्खा आराखडा रस्त्यावर उतरला होता, जेवढा व्हायचा तेवढ्याच मापाचा. आणि आता मात्र सूचना पाऊस पडावा तशा पडल्या. "मॅडम, हे झाड माह्या खिडकीसमोर नको." "मॅडम, गटार त्याच्या दारातून न्या, तो कचरा टाकते." रेवती हसत होती आणि टिपून घेत होती.

सरांनी हळूच विषय काढला. "मॅडम, एसटी?"

आगारातले साहेब, तेही सरांच्याच कबड्डीतले, आधीच सांगून बसले होते: "सर, गाडी पाठवतो. पण ड्रायव्हर गल्लीत रिव्हर्स घेत नाई. एका दमात वळाले जागा दाखवा." तशी जागा एकच होती. रस्ता जिथं संपतो तिथला चौक; एका अंगाला सरांचं घर, दुसऱ्या अंगाला कारभारीचं, तिसऱ्या अंगाला माझं. सरांनी खुंटी ठोकली, दोरी बांधली, आणि थाळीफेकीचं वर्तुळ काढतात तसा एक सुरेख गोल काढला. गोल कारभारीच्या रॅम्पवरून गेला, माझ्या पायऱ्यांवरून गेला, आणि अन्नपूर्णाबाईंच्या ओट्याला जेमतेम गाल लावून परत आला.

"छान आहे सर," रेवती म्हणाली, "पण बस वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. गोल मोठा करावा लागेल. सगळीकडून."

सगळीकडून. सरांनी दोरी वाढवली. कारभारीकडे गोल मोठा झाला. माझ्याकडे झाला, माझ्या पायऱ्या अख्ख्या गेल्या. मग सर आपल्या घराच्या बाजूला आले. तिथं दोरी अचानक ढिली पडली, सर वाकले, खोकले, आणि फक्कीची रेघ ओट्यापाशी येऊन सासरच्या माणसांसमोर सून सरकते तशी अंग चोरून बाजूनं निघून गेली.

पंचानं डोळ्यांदेखत स्वतःच्या टीमला सोडलं होतं. बोलणार कोण? कारभारीनं मिशीला हात लावला आणि काढून घेतला.

ओट्यावरून अन्नपूर्णाबाईंनी मान लांब करून पाहिलं. "गोल हाये का पपई?"

"जमीन उताराची हाये," सर म्हणाले, "म्हणून दिसते तसं."

रेवतीनं टेप गुंडाळली आणि मृदू आवाजात सांगितलं की पुढच्या सोमवारी आगाराची रिकामी बस चाचणीला येणार आहे, त्याआधी रेघेतलं जे असेल ते ज्यानं त्यानं काढून घ्यावं. बस वळली तर फेरी आराखड्यात धरू, नाही वळली तर सोडून देऊ.

आठवडाभर कोणी काही काढलं नाही. कारभारी दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी रॅम्प आत्ता तोडतो. हातोडा दुकानातलाच हाये. पण आधी तिकडचा ओटा." मीही माझ्या पायऱ्यांबद्दल असाच धीरोदात्त विचार करत होतो. सर बाहेर दिसेनात. एका संध्याकाळी मी गेलो तर ते डब्याची भोकं टाचणीनं साफ करत बसले होते.

"पाय ना," ते हळू आवाजात म्हणाले, "ओटा ठेवला तं एसटी येत नाई. एसटी आणाची तं ओटा जाते. तिले कसं सांगू? तिनं तो एसटीसाठीच बांधला."

"सरळ सांगा."

"तुहं लग्न झालं ना बे?" सरांनी विचारलं, आणि मी विषय बदलला.

चाचणीच्या आदल्या दिवशी चौकात मुरूम टाकून सपाट करायला जेसीबी येणार होता. सकाळी उजाडता उजाडता सर उठले, खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि या वेळी ढिली न सोडता खरा गोल पुरा केला. रेघ ओट्याच्या बरोबर मधून गेली. ती त्यांनी फक्त बघायला मारली होती. किती जातो, किती उरतो, एवढं पाहायचं आणि बाई उठायच्या आत पुसून टाकायचं, असा बेत. पण पाहून झाल्यावर त्यांना घाम फुटला, आणि पुसायच्या आधी एक कप चहा घ्यावा म्हणून ते फाट्यावर गेले.

जेसीबीवाला वेळेआधी आला. तो वडनेर भोलजीकडचा, सरांच्या शाळेत न शिकलेला, कबड्डीचा आणि त्याचा संबंध नाही. आमच्या गावात फक्कीच्या रेघेचा अर्थ एकच: इथं पाय ठेवायचा नाही. पण बाकी जिल्ह्यात घराचा पाया आखतात तोही फक्कीनंच, आणि जेसीबीवाल्याच्या शास्त्रात तिचा अर्थ याच्या नेमका उलटा: इथंच खोदायचं. त्यानं रेघ पाहिली, दातेरी बकेटचं तोंड रेघेवर आणलं आणि कामाला लागला. शहाबादी फरशी पापडासारखी मोडली.

सर चहा पिऊन आले तेव्हा अर्धा ओटा चौकात होता. त्यांनी शिट्टी तोंडात घातली. ज्या शिट्टीनं कावळे देशोधडीला लागले होते, तिच्यातून कोंबडीच्या पिलासारखा आवाज आला.

"काका, रेघ होती नं इथं," जेसीबीवाला म्हणाला.

दार उघडलं. अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या, हाताला कणीक. सगळा चौक उंबऱ्यांवर उभा होता. त्यांनी मोडक्या फरशीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मनातल्या मनात सरांसाठी एक शोकसभा घेतली, अध्यक्षही ठरवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कसा गोल झाला." मग जेसीबीवाल्याकडे वळून, "उरलेला कायले ठेवून राह्यला रे? काढ. आन् उद्या एसटी नाई आली ना, तं या दगडाईवर याईलेच बसवते मी."

अर्ध्या तासात गावभर झालं, पडघान सरांनी स्वतःच्या बायकोचा ओटा पाडला. कारभारी दुकानातून हातोडा घेऊन धावत आला. "सर, तुमी मानूस नाई, देव हा," असं म्हणत त्यानं रॅम्पवर पहिला घाव घातला, आणि दुसऱ्या घावाला त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण रॅम्पला त्यानं चांगल्यातलं सिमेंट वापरलं होतं. दुपारी माझ्या पायऱ्या गेल्या. आम्ही आठवडाभर घरात स्टुलावर चढून ये-जा करत होतो.

संध्याकाळी सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "ऐक. मी ते रेघ पायाले मारली होती. पुसणार होतो."

"मग सांगा सगळ्यांना."

"आता कसं सांगू बे? कारभारीनं रॅम्प तोडला ना!"

आतून पोळी भाजता भाजता आवाज आला, "मले माहीत हाये. तुमची छाती नाई व्हय ते. त्या जेसीबीवाल्याले म्यां उगाच चहा नाई पाजला. रेघ म्यांच दाखवली त्याले."

सोमवारी बस आली. लाल, रिकामी, खिडक्या खडखडत. सगळं विद्यानगर रेघेच्या बाहेर ओळीनं उभं. सर चौकाच्या टोकाला, इस्त्रीचे कपडे, शिट्टी ओठांत. ड्रायव्हरनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि चाक फिरवायला सुरुवात केली. नाक कारभारीच्या दारासमोरून गेलं. पोट माझ्या स्टुलासमोरून गेलं. मागचं धूड रेवतीनं सांगितलं होतं तसं बाहेर फेकलं गेलं, आणि जिथं परवापर्यंत मेथी निवडली जात होती बरोबर तिथून, फक्कीच्या आतून, सफाईनं निघून गेलं. एका दमात. सरांनी शिट्टी फुंकली. कावळे पुन्हा उडाले. कारभारीनं नारळ फोडला. रेवतीनं टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णाबाई कोणाला न विचारता रिकाम्या बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि काच सरकवून नवऱ्याला म्हणाल्या,

"आली बापा. एकदाची."

सरांची शिट्टी तोंडातच होती, आणि तोंड हसत असल्यामुळे ती नुसतीच सूं सूं करत होती.

पुढे काही दिवस मोठ्या बहारीचे गेले. रस्ता काँक्रीटचा झाला, कडेला चालायची वाट झाली, आणि सकाळची फेरी सुरू झाली. ओट्यावरच्या बायकांनी आपली राजधानी बसमध्ये हलवली. अर्ध्या तिकिटात चिखली, बाजार, आणि परतीला मेथी निवडत विद्यानगर. कंडक्टरला गावातल्या सगळ्या सुना तोंडपाठ झाल्या. सर रोज बस वळेपर्यंत चौकात उभे राहत. घरात भाजीत मीठ कमी असलं तर आता ते तसं म्हणू लागले होते.

रस्ता चांगला झाल्यावर घरोघरी बायकांच्याही दुचाक्या आल्या. गेल्या उन्हाळ्यात भारमान कमी, म्हणजे बसायला पुरेशी माणसं नाहीत, म्हणून फेरी बंद झाली. ओटा पुन्हा बांधता येत नाही. नकाशात ती जागा 'बस वळण' म्हणून लागली आहे.